नामनिर्देशनाच्या रकान्याखाली एक वाक्य छापा : गृहनिर्माण संस्था, बँका आणि विमा कंपन्यांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

राज्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष व सचिव, बँकांचे शाखाधिकारी आणि विमा कंपन्यांचे अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्या मोबाइलवर एका बँकेचा संदेश आला. आता एका खात्याला चार नॉमिनी (नामनिर्देशित व्यक्ती) नेमता येतात, तेव्हा ते नेमा आणि कुटुंबाच्या भवितव्याची चिंता सोडा, असा त्याचा आशय होता. बँकिंग कायद्यातील ही दुरुस्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि ती चांगली आहे, हे मी आधीच नमूद करते. मात्र त्या संदेशाचे शेवटचे अर्धे वाक्य खरे नाही. नॉमिनी नेमल्याने संस्थेची चिंता मिटते, कारण रक्कम कोणाच्या हाती दिली म्हणजे आपण मोकळे झालो हे तिला कळते. कुटुंबाची चिंता त्याने मिटत नाही, आणि काही वेळा तर ती तेथूनच सुरू होते. माझ्या घरात ती तशी सुरू झाली, म्हणून हे पत्र वैयक्तिक न ठेवता उघडपणे लिहीत आहे.

माझ्या यजमानांनी १९९१ साली स्वतःच्या कमाईतून दोन खोल्यांची सदनिका घेतली. तेव्हा त्यांचे लग्न झालेले नव्हते आणि वडील हयात नव्हते. संस्थेने सभासदत्वाच्या अर्जासोबत नामनिर्देशनाचा अर्ज पुढे केला, तेव्हा त्यांनी धाकट्या भावाचे नाव लिहिले. अविवाहित मोठा भाऊ दुसरे कोणाचे नाव लिहिणार? १९९३ मध्ये आमचे लग्न झाले, पुढे मुलगा आणि मुलगी झाली, मुलांची शिक्षणे त्याच घरात झाली. या सगळ्या काळात तो अर्ज संस्थेच्या फाइलमध्ये जसाच्या तसा राहिला. दर वर्षी सर्वसाधारण सभा होत होती, देखभाल शुल्काची थकबाकी पैशापैशाने वाचून दाखवली जात होती, परंतु ‘तुमच्या नामनिर्देशनात काही बदल करायचा आहे का?’ हा प्रश्न २९ वर्षांत एकदाही विचारला गेला नाही.

२०२० मध्ये यजमान अचानक गेले. दिवसकार्य आटोपल्यावर संस्थेने माझ्या दिरांना बोलावून घेतले, त्यांच्याकडून अर्ज घेतला आणि शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे संस्थेतील सभासदत्वाच्या दाखल्यावर, त्यांचे नाव चढवले. ते तात्पुरते सभासद आहेत असा कोणताही शेरा त्यावर नव्हता. मला हे तीन महिन्यांनी, देखभालीची पावती दिरांच्या नावाने आल्यावर समजले. मी सचिवांकडे गेले असता त्यांनी अतिशय सौजन्याने मला सांगितले की नॉमिनी तेच आहेत, त्यामुळे कायद्याने घर आता त्यांचे आहे, तुम्ही घरातल्या घरात समजुतीने घ्यावे. हीच माहिती त्यांनी दिरांनाही दिली होती. येथे मी स्पष्ट सांगू इच्छिते की माझ्या दिरांच्या मनात मुळात पाप नव्हते. संस्थेच्या कार्यालयात, संस्थेच्या शिक्क्यासमोर एखाद्या साध्या माणसाला ‘घर तुमचे’ असे सांगितले गेले, तर तो त्यावर विश्वास ठेवणार. तो विश्वास एकदा बसला की पुढे त्याच्याविरुद्ध जे बोलेल ते त्याला लबाड वाटू लागते, आणि तसेच झाले. ज्या दिरांनी माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन फिरवले, त्यांच्याशी मला वकिलामार्फत नोटिशीच्या भाषेत बोलावे लागले.

यात एक चूक आमच्याही घरातली आहे, आणि ती लपवून हे पत्र लिहिणे योग्य होणार नाही. यजमानांनी मृत्युपत्र केले होते. कपाटातील फाइलमध्ये त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला एक कागद मिळाला. त्यात घर, ठेवी आणि सर्व काही पत्नीला मिळावे असे लिहिले होते, खाली तारीख आणि सही होती. साक्षीदाराची सही मात्र एकही नव्हती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात, आणि लिहिणाऱ्याने आपली सही त्या प्रत्येकासमोर तरी केलेली असावी किंवा ती आपलीच असल्याचे त्याच्यापाशी कबूल तरी केलेले असावे. स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिले म्हणजे साक्षीदारांची गरज नाही, असा यजमानांचा समज होता. हा समज मला त्यानंतर शिकल्यासवरल्या अनेक घरांत आढळला. त्या कागदावर शेजारच्या दोघांच्या सह्या असत्या, तर पुढचे काहीही घडले नसते. अशा मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि त्याची नोंदणीही कायद्याने सक्तीची नाही, म्हणजे आमच्या घराच्या आणि चार वर्षांच्या कोर्टकचेरीच्या मध्ये केवळ दोन सह्या उभ्या राहायच्या होत्या.

मृत्युपत्र टिकले नाही, म्हणून हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू झाला. त्याप्रमाणे पुरुषाच्या मागे मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात, तर भाऊ त्या वर्गात येतच नाही. म्हणजे ज्यांचे नाव शेअर सर्टिफिकेटवर चढले, त्यांचा त्या दिवशी त्या घरात एक पैशाचाही हिस्सा नव्हता. मी, माझी दोन मुले आणि सासूबाई असे आम्ही चौघे प्रत्येकी एक चतुर्थांशाचे मालक होतो. आठ महिन्यांनी सासूबाईही गेल्या. त्यांच्या चतुर्थांशाची मग पुन्हा वाटणी झाली : अर्धा भाग दिरांना आणि अर्धा माझ्या मुलांना, त्यांच्या मृत वडिलांच्या जागी. सुनेला सासूच्या मालमत्तेत असा हक्क नसतो. अशा रीतीने यजमानांनी जे संपूर्ण घर माझ्या नावे लिहून ठेवले होते, त्यात माझा चौथाच हिस्सा उरला आणि दिरांना एक अष्टमांश मिळाला. तो हिस्सा आम्ही २०२४ मध्ये तडजोडीने, त्याची रक्कम देऊन, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडवून घेतला. ती रक्कम मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवली होती.

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण इतकेच की नॉमिनी, वारस आणि मृत्युपत्राने ज्याला मिळते तो लाभार्थी ही तीन वेगवेगळी माणसे असू शकतात. आमच्या घरात ती तशी होती आणि आपल्या कार्यालयांत त्या तिघांना एकच समजले जात होते.

आता कायद्याबद्दल. नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने मालमत्ता स्वीकारणारा विश्वस्त असतो, ही गोष्ट नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी विरुद्ध उषा देवी या विम्याच्या खटल्यात हे सांगितले. २०१६ मध्ये इंद्राणी वाही यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की गृहनिर्माण संस्थेने नॉमिनीच्या नावे नोंद करावी, परंतु इतर वारसांना आपला हक्क न्यायालयात मांडण्याची मोकळीक राहील. १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी प्रकरणात कंपन्यांच्या शेअर्सबाबतही हेच तत्त्व कायम झाले. आणि आपल्या राज्यात तर २०१९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम १५४ब-१३ आले, ज्यात सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरता सभासद म्हणूनच घ्यावे असे स्पष्ट लिहिले आहे. माझ्या यजमानांचा मृत्यू त्यानंतरचा आहे. म्हणजे नियम होता, छापील होता, आणि तरीही कार्यालयातल्या खुर्चीपर्यंत पोहोचला नव्हता.

आपल्याविषयीच्या माझ्या तक्रारी मी क्रमाने मांडते. त्या एका संस्थेपुरत्या नाहीत.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार शब्दांची आहे. आपले कर्मचारी अर्ज भरून घेताना ‘तुमच्यानंतर हे कोणाला द्यायचे, त्याचे नाव लिहा’ असे म्हणतात. हा प्रश्न मृत्युपत्राचा आहे, नामनिर्देशनाचा नाही. विचारायला हवे ते असे की, तुमच्यानंतर आम्ही कोणाशी व्यवहार करावा? या दोन प्रश्नांची उत्तरे एकच माणूस वेगवेगळी देईल. थोरला मुलगा जवळ राहतो, कागदपत्रांत हुशार आहे, म्हणून नॉमिनी तो. पण वाटणी मात्र मुलीलाही समान, असे असंख्य आईवडिलांच्या मनात असते. पहिला प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे ते त्या थोरल्याचे नाव लिहितात आणि आपण आपली इच्छा नोंदवली, आता मृत्युपत्राची गरज नाही, असे समजून घरी जातात. पुढे तो मुलगा भला निघाला तर प्रश्न येत नाही. पण मालमत्तेचे रक्षण वारसाच्या भलेपणावर सोडायचे असेल, तर अर्ज, साक्षी, नोंदवह्या हे सगळे हवे कशाला?

दुसरी तक्रार जुन्या नामनिर्देशनांची आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची जी योजना १९५२ पासून चालू आहे, तिच्यात एक अत्यंत शहाणा नियम आहे : कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप निरर्थक ठरते. माझ्या यजमानांच्या भविष्य निधीच्या कागदावरही १९९१ सालचे याच दिरांचे नाव होते. तेथे त्या नावाला काही अर्थ उरला नाही आणि ती रक्कम विनातक्रार माझ्या व मुलांच्या हाती आली. एकाच माणसाने, एकाच वर्षी, एकाच भावाचे नाव दोन अर्जांवर लिहिले. एका ठिकाणी नियमाने आमचे रक्षण केले आणि दुसऱ्या ठिकाणी चार वर्षे गेली. सहकारी संस्थांच्या उपविधींत असा नियम आणणे सरकारच्या हाती असेल, हे मला मान्य आहे. परंतु सभासदाला पत्र पाठवून ‘आपले लग्न झाले आहे, नामनिर्देशन पाहून घ्या’ एवढे कळवायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नव्हती.

बँकांविषयी थोडक्यात. यजमानांच्या एका मुदत ठेवीला सासूबाई नॉमिनी होत्या. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. नॉमिनीने शाखेत समक्ष यावे, असा आग्रह धरण्यात आला आणि प्रत्येक फेरीत एक नवे कागदपत्र सांगण्यात आले. तोवर त्या गेल्या आणि ठेव नॉमिनीविना राहिली. आता नव्या दुरुस्तीने एकामागून एक असे क्रमाने चार नॉमिनी नेमता येतात. हीच तरतूद आमच्यासारख्या प्रसंगासाठी आहे, पण ‘एकाच वेळी’ (सर्वांचे वाटे ठरवून) आणि ‘क्रमाने’ (आधीचा हयात नसेल तर पुढचा) यांत फरक काय, हे मला कोणत्याही संदेशात समजावून सांगितलेले आढळले नाही. मृत ग्राहकांचे दावे सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढावेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत सांगितले आहे. ‘सर्व कागदपत्रे’ कोणती, याची यादी पहिल्याच दिवशी लेखी दिली नाही, तर त्या १५ दिवसांची मोजणी कधी सुरूच होत नाही.

विमा कंपन्यांची बाब वेगळी आहे आणि म्हणून अधिक समजावून सांगण्यासारखी आहे. विमा कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन आई, वडील, पती, पत्नी किंवा मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर तो रकमेचा लाभार्थी मानला जावा अशी तरतूद आली. म्हणजे सदनिकेचा नॉमिनी विश्वस्त, आणि विम्याची पत्नी-नॉमिनी लाभार्थी. सामान्य माणसाने हा भेद कोठून शिकावा? त्याशिवाय विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीचा १८७४ चा अधिनियम आहे, ज्याच्या कलम ६ प्रमाणे विवाहित पुरुषाने पत्नी व मुलांच्या लाभासाठी म्हणून पॉलिसी घेतली, तर ती त्यांच्यासाठीचा विश्वस्तनिधी ठरते आणि त्याच्या कर्जदात्यांना त्या रकमेला हात लावता येत नाही. व्यवसायात कर्ज काढणाऱ्या प्रत्येक संसारी माणसाला हे ठाऊक असायला हवे. दीडशे वर्षांचा हा कायदा आहे. पॉलिसी घेतानाच तसे लिहून द्यावे लागते, मागाहून ते करता येत नाही, आणि माझ्या ओळखीच्या एकाही कुटुंबाला विमा प्रतिनिधीने हे सांगितलेले नाही.

अखेरची तक्रार अशी की मृत्युपत्राचा विषय टाळण्यासाठी आपल्या कार्यालयांतून वडीलधाऱ्यांना एक सोपा वाटणारा सल्ला दिला जातो : ‘आत्ताच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, राहते घर मुलांना दिले तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे.’ शुल्क कमी आहे हे खरे आहे. पण बक्षीसपत्र झाले की मालकी त्याच दिवशी जाते आणि मन बदलले म्हणून ती परत मिळत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ काही प्रसंगी असे हस्तांतर रद्द करू शकते, परंतु सांभाळ करण्याची अट दस्तात लिहिलेली नसेल तर तो मार्ग फार बिकट होतो. सत्तरीच्या माणसाला केवळ शुल्काचा आकडा सांगून त्याच्या डोक्यावरच्या छपरावरचा हक्क सोडायला लावणे मला अनुचित वाटते, मग सल्ला देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आपण म्हणाल की आम्ही वकील नाही, कायदेशीर सल्ला देणे आमचे काम नाही. मला हे उत्तर अनेकदा मिळाले आहे आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. सल्ला देणे हे खरोखरच आपले काम नाही. परंतु ‘घर आता त्यांचे आहे’ हा सल्लाच होता, आणि तोही चुकीचा. जेथे आपण बोलताच, तेथे खरे बोलावे, आणि जेथे बोलायचे नाही, तेथे कागदाला बोलू द्यावे, इतकेच मी मागते.

माझ्या मागण्या अशा आहेत. नामनिर्देशनाच्या प्रत्येक अर्जावर, सहीच्या लगेच वर, अर्जातील इतर मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरात मराठीत एक वाक्य छापावे : ‘नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही; मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.’ विमा कंपन्यांनी आपल्यापुरता वेगळा नियम त्याच जागी आणि तितक्याच साध्या भाषेत सांगावा, आणि १८७४ च्या अधिनियमाखाली पॉलिसी घ्यायची आहे काय, हा प्रश्न अर्जात ठळकपणे विचारावा.

गृहनिर्माण संस्थांनी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेसोबत प्रत्येक सभासदाला त्याच्या स्वतःच्या नामनिर्देशनाची नोंद बंद पाकिटात कळवावी आणि ती कायम आहे की बदलायची आहे, हे लेखी विचारावे. सभासदाच्या मृत्यूनंतर नोंद करण्याआधी त्याच्या पत्नीस किंवा पतीस, मुलांस आणि आईस लेखी कळवावे, आणि नॉमिनीचे नाव चढवताना शेअर सर्टिफिकेटवर ‘तात्पुरता सभासद’ हे शब्द लिहावेत. वारसाने नामनिर्देशनाची प्रत मागितल्यास ती १५ दिवसांत द्यावी. मला ती मिळवायला सात महिने लागले.

बँकांनी दाव्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी पहिल्याच भेटीत सही-शिक्क्यानिशी द्यावी आणि नॉमिनी आजारी असल्यास अधिकाऱ्याने घरी जाऊन ओळख पटवावी.

आणि सर्वांनी मिळून एक गोष्ट करावी. मृत्युपत्राविषयीची मूलभूत माहिती आपल्या सूचनाफलकावर एका पानात लावावी : अठरा वर्षांवरील सुजाण व्यक्तीला ते करता येते, साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत, आणि ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही व जे मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान पण सज्ञान आहेत असे साक्षीदार निवडणे शहाणपणाचे, नोंदणी ऐच्छिक आहे, पण केल्यास पुढचे वाद कमी होतात, आणि ज्यांना मजकूर गुप्त ठेवायचा आहे, त्यांना ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. या पानाला फार तर एक तास आणि एक कागद लागेल.

माझी सदनिका आता माझ्या आणि दोन्ही मुलांच्या नावे झाली आहे. मी माझ्या हिश्श्याचे मृत्युपत्र केले आहे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवले आहे. वरील मागण्यांपैकी गृहनिर्माण संस्थेच्या अखत्यारीतील तीन मागण्या मी ठरावाच्या रूपाने लिहून आमच्या संस्थेच्या सचिवांकडे दिल्या आहेत आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत त्या घ्याव्यात, अशी लेखी विनंती केली आहे. इतर संस्थांच्या सभासदांना तो ठराव जसाच्या तसा वापरता येईल. बँका आणि विमा कंपन्यांकडून मला लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
एका सभासदाची पत्नी, आता स्वतः सभासद